लग्नाचे फोटो ‘अंधारे’ येतात म्हणून बुकिंग जातायत, स्टाइल बदलू का?

चरईचा फोटोवाला, ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यात चरईत राहतो, लग्नाचे फोटो काढतो, एकूण नऊ वर्षं झाली, पहिली तीन दुसऱ्याकडे सेकंड शूटर म्हणून आणि पुढची सहा स्वतःची. पोस्ट मोठी होणार आहे पण नीट सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं लिहितो.

माझे फोटो जरा अंधारे असतात. फ्लॅश शक्यतो मारत नाही, दारातून खिडकीतून जो उजेड येतो त्यावर काम करायचं, ३५ आणि ८५ अशा दोनच लेन्स, एक्स्पोजर पाऊण स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) खाली ठेवायचं म्हणजे गजऱ्यातल्या कळ्या पांढऱ्याफटक होत नाहीत आणि सावली सावलीसारखी राहते. मुहूर्ताआधी मुलगी आत गौरीहराशी बसलेली असते ना, बाहेर माइकवर हॅलो हॅलो चालू असतं आणि आत एकदम शांत, मामा येऊन तिला घेऊन जाईपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटं मला अख्ख्या लग्नातली सगळ्यात मोलाची वाटतात. स्टेजवर ट्रॅडिशनलवाला, म्हणजे सगळ्यांना उभं करून फोटो काढणारा, असतो, व्हिडिओवाले असतात, ड्रोन असतो, नातेवाइकांचे मोबाइल असतात. आतल्या खोलीत बहुतेक वेळा मी एकटाच असतो.

आता अडचण. गेल्या दिवाळीपासून तीन बुकिंग हातातून गेली. लोक येतात, अल्बम बघतात, छान म्हणतात, आणि मग मोबाइल काढून रील दाखवतात की आम्हाला असं पाहिजे. त्यात सगळं दुधाळ, क्रीम कलरचं, सावली नाहीच, झाडं पण फिकट. शेवटच्या मीटिंगमध्ये मुलीची आई अगदी चांगल्या शब्दांत म्हणाली, ‘फोटो सुंदर आहेत हो, पण लग्नघर असं काळोखात का दिसतंय?’ मला उत्तर देता आलं नाही, घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

दुसरं, मागच्या वर्षी एका लग्नाचा डेटा दिल्यावर घरच्यांचा फोन आला की मुलीला जरा उजळ करून द्या. मी नाही म्हटलं. मुलगी सावळी आहे, सुंदर आहे, मी तिचा रंग का बदलू. पैसे दिले त्यांनी पूर्ण, पण त्यांच्या नात्यातली पुढची दोन लग्नं दुसऱ्याकडे गेली.

एका एडिटर मित्राने त्याचा पेस्टल प्रिसेट, म्हणजे फोटोंचे रंग एका क्लिकमध्ये बदलणारी तयार सेटिंग, दिला, म्हणाला सगळ्यांना हाच पाहिजे. मी एक जुनं लग्न उघडून त्यावर टाकून बघितला. हळद पीच कलरची झाली आणि हिरवा चुडा राखाडी. ते माझेच फोटो होते पण कुणीही काढले असते असे दिसत होते, मी लॅपटॉप बंद केला.

घराचे हप्ते आहेत, मुलगी ज्युनियर केजीत गेलीय. गणपती झाले की तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांच्या मीटिंग सुरू होतील, ऐरोलीच्या एका घराशी ठरलीय पण, मोठं लग्न आहे, दोन दिवसांचं. म्हणून खरंच विचारतोय, ही माझी स्टाइल आहे की नुसता हट्ट? आणि बदलायचं तर नेमकं काय बदलायचं आणि काय धरून ठेवायचं, हे तुम्ही कसं ठरवलंत?

—

खोपटचा जुना स्टुडिओ

मित्रा, तुझ्या पेजवरचे चाळीसेक फोटो आत्ता बसून बघितले. गौरीहराचे चार आहेत ते मला स्वतःला जमले नसते, हे आधी सांगतो. आता कडक बोलतो, राग मानू नकोस, मी रोलच्या काळापासून हेच करत आलोय, छत्तीस फोटोंचा रोल आणि मुहूर्त एकदाच.

कानपिळीचा फोटो बघ तुझा. भावाने नवरदेवाचा कान धरलाय, सगळे हसतायत, आणि भावाचा चेहरा निदान दोन स्टॉप खाली आहे. डोळे दिसत नाहीत. हे का झालं ते मी सांगतो. मागे स्टेजचा पांढरा एलईडी बॅकड्रॉप आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं-काळं काही कळत नाही, तो समोरचं सगळं मधल्या करड्या रंगावर आणून ठेवायला बघतो, मागे पांढरं झगझगीत असलं की तो स्वतःहूनच एक्स्पोजर खाली ओढतो. तू त्याच्यावर सवयीने अजून पाऊण स्टॉप खाली ठेवलास. खिडकीच्या उजेडात जी गोष्ट शोभते ती तू स्टेजवर पण तशीच लावलीस, विचार न करता. खिडकीतला अंधार तू निवडलेला आहेस, कानपिळीचा अंधार मीटरने केलाय. त्या आईने विचारलं ना काळोख का, तिला हा दुसरा अंधार दिसला असणार. चेहऱ्यावर स्पॉट मीटर कर, म्हणजे फक्त चेहऱ्याचाच उजेड मोज, किंवा मॅन्युअलला ये आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघ, चेहरा बरोबर आला की मागचं काय व्हायचं ते होऊ दे. लग्नाच्या फोटोत माणूस ओळखू आला पाहिजे, त्याचेच पैसे घेतो आपण.

उजळ करायला नाही म्हणालास ते मात्र शंभर टक्के बरोबर, तिथून एक पाऊल मागे येऊ नकोस. चेहऱ्याला पुरेसा उजेड देणं वेगळं आणि कातडीचा रंग बदलणं वेगळं. तुला माहिती असेल नसेल, पूर्वी कलर लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एक नमुना कार्ड यायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. सगळं तिच्या कातडीवर बेतलेलं. आपल्याकडच्या सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशोबात बसायचेच नाहीत, एक तर लालसर नाहीतर मातकट. मी लॅबवाल्याशी त्यावरून किती वेळा भांडलोय. आता तुझ्या मित्राचा प्रिसेट बघितला की मला तेच कार्ड आठवतं, दुसऱ्या कुणाच्या तरी कातडीसाठी आणि दुसऱ्या कुठल्या तरी उन्हासाठी केलेलं काहीतरी आपण आपल्या माणसांवर लावतोय.

गौतम राजाध्यक्षांचे पोर्ट्रेट आठव. जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेला माणूस, २०११ साली गेले. खाली नाव नसलं तरी कळायचं कुणाचा फोटो आहे ते. प्रकाश मऊ, माणूस निवांत बसलेला, आणि डोळे कधी अंधारात हरवलेले नाहीत. नट्यांचे हजार फोटो मासिकांत यायचे त्या काळात, तरी ह्यांचे वेगळे कळायचे.

आता एक काम कर. तुझ्या नऊ वर्षांतले शंभर फोटो काढ, ज्यांना लाइक मिळाले ते नकोत आणि क्लायंटला आवडलेले पण नकोत, जे तुला स्वतःला परत परत उघडून बघावेसे वाटतात ते. एडिट काढून टाक, सगळे साधे. लॅबमधून चार बाय सहाचे प्रिंट मारून आण आणि घरात फरशीवर पसर. स्क्रीनवर करू नकोस, स्क्रीनवर एका वेळी एकच दिसतो. दोन दिवस तसेच राहू दे. मग मला सांग की अंधार सोडून त्यांच्यात अजून काय सारखं आहे. काहीच सारखं नसेल तर बिनधास्त प्रिसेट लाव, कारण मग वाचवण्यासारखं काही नाही. मला वाटत नाही तसं होईल.

—

कोपरखैरणे क्लिक्स

दादा मी वेगळं सांगतो. मी पाच वर्षं करतोय, माझी दोन पेजेस आहेत. एकावर जे मार्केट मागतं ते, पेस्टल, रील, प्री-वेडिंग, सगळं. दुसऱ्यावर मला आवडतं ते. पहिल्यावर घर चालतं. त्यात मला कमीपणा वाटत नाही कारण ते पण मी मन लावून करतो, क्लायंट खुश होऊन जातो आणि आई-बाबांना गावी घर बांधून दिलं त्याच्यावर. लोकांना त्यांच्या लग्नात काय हवं ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे, आपला नाही. फक्त एक सांगतो, दोन्ही पेज सांभाळायला वेळ खूप जातो आणि दुसऱ्या पेजवर माझी शेवटची पोस्ट मार्चमधली आहे. ते बघून वाईट वाटतं. पण आधी हप्ते भरा.

—

खाडीवरची, नेरूळ

मी लग्नं काढत नाही, पक्षी काढते, त्यामुळे माझं किती उपयोगी पडेल माहीत नाही, पण ‘हे कुणीही काढलं असतं’ हे तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही.

मी नोकरी करते, रविवारी पहाटे कॅमेरा. नेरूळ-सीवूड्सला राहणाऱ्यांना फ्लेमिंगो काही नवीन नाहीत, थंडीत येतात, मेपर्यंत असतात. ओहोटीला ठाणे खाडीतल्या चिखलावर चरतात आणि भरती आली की चिखल बुडतो म्हणून आमच्या बाजूच्या तळ्यांवर येऊन बसतात, डीपीएस शाळेच्या मागचं तळं, टीएस चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेच्या बाजूला वगैरे. म्हणजे फोटो काढायचा तर घड्याळ नाही, भरतीचं वेळापत्रक बघावं लागतं. आणि दर वर्षी सगळीकडे एकच फोटो असतो, ओळीने उडणारे गुलाबी पक्षी, पंख उघडलेले, मागचं सगळं धूसर, आणि गुलाबी रंग एवढा वाढवलेला की खऱ्या पक्ष्याशी त्याचा संबंध राहत नाही. तो रंग त्यांना खाण्यातून येतो, छोट्या जातीच्या, म्हणजे लेसर फ्लेमिंगोंना पाण्यातल्या शेवाळातून, लहान पिल्लं असतात ती तर करड्या-मळकट रंगाचीच असतात. ती पिल्लं कुणाच्या फोटोत दिसतच नाहीत.

मला पहिल्यापासून लांबचा फोटो आवडायचा. पक्षी छोटे, पुढे भरपूर चिखल, मागे विजेचे टॉवर आणि इमारती धुरक्यात. एका स्पर्धेत दिला तर परीक्षक म्हणाले पक्षी खूप लहान आहे, विषय कुठाय. मी ते मनाला लावून घेतलं. कर्ज काढून मोठी टेलीफोटो, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली, दोन सीझन तो ओळीने उडणारा फोटो काढला, सर्टिफिकेट पण मिळालं. मग एके दिवशी ग्रुपवर कुणीतरी सगळ्यांचे फोटो एकत्र करून टाकले, वीस-बावीस होते, त्यातला माझा कुठला हे मला शोधावं लागलं. त्या रात्री मी खूप वेळ जागी होते.

परत माझ्या जुन्या छोट्या ७०-२०० लेन्सवर आले, त्याच बांधावर, त्याच जागेवर उभं राहून लांबचे फोटो. आणि आता महत्त्वाचं सांगते. २०२४ च्या उन्हाळ्यात आमचं तळं कोरडं पडलं, भरतीचं पाणी आत यायचं थांबलं होतं, शेजारपाजारचे लोक त्यावरून बोलायला लागले. तेव्हा लोकांना दाखवायला जुने फोटो हवे होते की आधी पाणी कुठपर्यंत असायचं. ज्यांचे जवळचे फोटो होते त्यांच्याकडे पंखांचं एकेक पीस होतं पण पाणी नव्हतं, काठ नव्हता. माझ्याकडे सहा वर्षांचे तेच तळं, तोच बांध, तेच टॉवर होते. ‘विषय कुठाय’ चं उत्तर मला तेव्हा मिळालं, माझा विषय पहिल्यापासून ती जागा होती आणि पक्षी त्या जागेतले होते. मलाच ते शब्दांत माहीत नव्हतं. खाडीच्या त्या भागाला २०१५ मध्ये अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत घातलं, पण तळी त्या रेषेच्या बाहेर राहिली, त्यामुळे त्यांच्या फोटोंची गरज अजून जास्त आहे असं मला वाटतं.

अर्थात मला पक्ष्यांना अल्बम द्यायचा नसतो, तुम्हाला माणसांना द्यायचा असतो, हा फरक मी विसरत नाही. म्हणून तुमच्यासाठी सॉल लायटरचं उदाहरण देते. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर, हार्पर्स बझार सारख्या मासिकांसाठी फॅशनचे फोटो काढून घर चालवायचा. आणि स्वतःसाठी घराच्या आसपासच्या रस्त्यांवर रंगीत फोटो काढायचा, वाफ धरलेली काच, छत्री, अर्धी फ्रेम कशाने तरी झाकलेली आणि मध्ये कुठेतरी माणूस. कित्येक वर्षं ते कुणी फारसे बघितले नाहीत, २००६ च्या पुस्तकानंतर जगाला कळले, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. पण त्याचे पैशासाठी काढलेले फॅशनचे फोटो बघा तुम्ही, त्यातही काच आहे, आडोसा आहे, अर्धवट झाकलेलं आहे. म्हणजे दोन पेजेस असली तरी डोळे दोन करायला लागत नाहीत. कोपरखैरणेच्या दादांना पण हेच सांगेन, मार्चनंतरची पोस्ट टाका.

—

ऐरोलीची

मी फोटोग्राफर नाही. बहिणीचं लग्न ठरलंय म्हणून फोटोग्राफर शोधत इथे आले आणि ही पोस्ट दिसली. क्लायंटची बाजू कुणीतरी सांगावी म्हणून लिहिते.

माझं लग्न ठाण्यातच झालं, सहा वर्षं झाली. मी सावळी आहे. आमचा अल्बम त्या दुधाळ स्टाइलचा आहे, तेव्हा मीच रील दाखवून मागितला होता, आईने नाही, मी. आला तेव्हा खूप आवडला होता. आता उघडला की त्यातली मुलगी मी नाही असं वाटतं. मला कुणी न विचारता उजळ केलंय. आणि चुडा. आदल्या दिवशी कासार आला होता घरी, माझी आजी शेजारी बसून होती, तिने प्रत्येक बांगडीवर हात ठेवून हिरवी बघून दिली होती, त्यात काळपट एक निघाली ती परत केली. अल्बममध्ये त्या सगळ्या बांगड्या राखेच्या रंगाच्या आहेत. आजीने अल्बम हातात घेतल्यावर पहिला प्रश्न केला, ‘चुडा का गं असा?’ मी म्हटलं आजी आता अशीच फॅशन आहे. ती काही बोलली नाही. दोन वर्षांनी ती गेली.

हॉलमध्ये आम्ही जो फोटो लावलाय तो माझ्या मावसभावाने मोबाइलवर काढलेला आहे. स्वयंपाकघराच्या दारात आजी माझा हात धरून बांगड्या बघतेय, मागून उजेड येतोय, माझा चेहरा अर्धा अंधारात आहे. पण बांगड्या हिरव्या आहेत आणि तो हात माझा आहे.

म्हणून तुम्ही बदलू नका असं म्हणावंसं वाटतं. पण दुसरी पण गोष्ट खरी आहे. माझ्या आईचा संपूर्ण लग्नात एक सुद्धा स्वच्छ, समोरून, नीट फोटो नाही. ती सतत धावपळीत होती, कँडिडवाल्याला, म्हणजे न सांगता सहज फोटो काढणाऱ्याला, ती फ्रेममध्ये सुंदर दिसली तेव्हाच त्याने काढली, पाठमोरी, हात हलवताना. आईचा नीट चेहरा पाहिजे होता हो मला. कितीही कलाकार असा, आई-बाबा, सासू-सासरे, आजी-आजोबा, प्रत्येकाचा एक तरी उजेडातला फोटो काढा, त्यासाठी त्यांना दोन मिनिटं थांबवा. कुणीही नाही म्हणत नाही.

—

खोपटचा जुना स्टुडिओ

वरच्या ताईंनी लिहिलं त्याच्यापुढे मला काही बोलायचं राहिलं नाही. फक्त रंगाबद्दल एक. रघुबीर सिंग म्हणून फार मोठा फोटोग्राफर होऊन गेला आपल्याकडे, १९९९ मध्ये वारला. त्याच्या उमेदीच्या काळात जगात चांगला फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत म्हणजे जाहिरातीतला, असं समजत. तो रंगीतच काढत राहिला, त्याचं म्हणणं होतं की आपल्या लोकांचं बघणंच रंगातलं आहे, आपली चित्रं बघा, कपडे बघा. हळदीचा पिवळा आणि चुड्याचा हिरवा वाचवलास तर ते नुसतं तुझं वैयक्तिक राहत नाही रे.

प्रिंट मारलेस का?

—

चरईचा फोटोवाला, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहितोय कारण जे सांगितलंत ते करून बघायचं होतं.

प्रिंट मारले. शंभर म्हणता म्हणता एकशे चौदा झाले, शेवटचे काही काढवेनात. शनिवारी रात्री मुलगी झोपल्यावर हॉलमध्ये फरशीवर लावले, सोफा गॅलरीत ढकलावा लागला. पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही, अंधारच दिसला. रविवारी सकाळी तलावपाळीला चक्कर मारून आलो, कोपिनेश्वराच्या बाजूने, पाऊस थांबलेला होता. घरी आलो तर बायको चहाचा कप घेऊन फोटोंच्या मध्ये उभी होती, म्हणाली, ‘तुझ्या फोटोत कुणीतरी कायम दारात उभं असतं.’

मी मोजले. एकशे चौदातल्या एकाहत्तर फोटोंमध्ये दार आहे, किंवा खांब, किंवा पडदा, आणि त्याच्या कडेला एक माणूस आहे जो लग्नाकडे बघतोय. नवरी नाही, नवरा नाही. खुर्च्या लावून दमलेला भाऊ. हातात करा घेऊन उभी असलेली करवली, तिला झोप आलीय. अंतरपाट धरलेले आहेत तिकडे, अक्षता पडतायत, आणि इकडे मुलीचे बाबा हॉलच्या दाराला टेकून लांबून बघतायत कारण त्यांना केटररशी बोलायला जावं लागलं होतं. तो फोटो काढल्याचं मी विसरलो होतो.

आणि मग लक्षात आलं की अंधार का येतो. ही सगळी माणसं जिथे उभी असतात तिथे लाइटवाला लाइट लावतच नाही. सगळे लाइट स्टेजवर. मी त्या माणसांच्या मागे मागे दाराशी जातो म्हणून माझे फोटो अंधारे, आणि पुढे पुढे मी अंधारालाच माझी स्टाइल समजायला लागलो आणि जिथे भरपूर उजेड होता तिथेही तो आणून टाकला. कानपिळीचा फोटो उघडून बघितला, तुम्ही म्हणालात ते अक्षरशः खरं आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) होती म्हणून दीड स्टॉप वर घेतला, भावाचे डोळे आले, आणि फोटो माझाच राहिला. थोडं नॉइज, म्हणजे दाणे आले, चालेल. त्या घरी फोन करून तो आणि अजून बारा फोटो नीट करून परत पाठवले, पैसे न घेता.

नेरूळच्या ताई, तुमचं ‘माझा विषय ती जागा होती’ हे वाक्य मी त्या एकाहत्तर फोटोंकडे बघत परत वाचलं. ऐरोलीच्या ताई, तुमच्या आईबद्दलचं वाचून मी माझी यादी केली, आता मुहूर्ताआधी वीस मिनिटं मी फक्त घरच्या मोठ्यांसाठी ठेवणार, दाराजवळच, पण त्यांचं तोंड उजेडाकडे करून, आणि छोटा फ्लॅश बाजूच्या भिंतीवर मारून, तिथून परत येणाऱ्या मऊ उजेडात.

मीटिंग परवा झाली. लॅपटॉप नेलाच नाही, प्रिंटचा डबा नेला आणि टेबलावर पसरून दिले, त्यांना हवे ते उचलू दिले. मी आधीच सांगितलं की चेहरे स्वच्छ येतील, सगळ्यांचे येतील, पण रंग आहेत तेच राहतील, कातडीचे पण आणि चुड्याचे पण, आणि ते मी लेखी देतो, एग्रीमेंटमध्ये ती ओळ घातलीय. मुलीने रील दाखवली, मी बघितली, आणि तिला विचारलं यातलं नेमकं काय आवडतं. ती म्हणाली सगळे हसतायत आणि दिवस वाटतो. रंग फिके आहेत हे तिने सांगितलंच नाही. मी आजवर कधी कुणाला हा प्रश्न विचारला नव्हता, रील बघितली की मनातल्या मनात भांडायला लागायचो. मग आम्ही हळद हॉलऐवजी त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी करायचं ठरवलं.

मुलीचे बाबा सगळा वेळ गप्प होते. त्यांच्या हातात तो दाराला टेकलेल्या माणसाचा फोटो होता, शेवटी विचारलं, हे मुलीचे वडील का. मी हो म्हटलं. त्यांनी तो फोटो डब्यात परत ठेवला नाही, बाजूला ठेवला. गुरुवारपर्यंत कळवतो म्हणालेत, अजून दोघांना भेटायचंय त्यांना. बघू.

आता एक प्रश्न, झालं बुकिंग तर लागेल म्हणून. त्यांच्या हॉलवाल्याकडे स्टेजवर जांभळे पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) फिक्स आहेत, बंद करत नाही म्हणतो. तो जांभळा एकदा चेहऱ्यावर पडला की व्हाइट बॅलन्सने (उजेडाचा रंग काढून पांढरं पांढरं दाखवायची सेटिंग) काही केल्या जात नाही. तुम्ही काय करता?

—

खोपटचा जुना स्टुडिओ

जाणारच नाही, त्या लाइटमध्ये बाकीचे रंगच नसतात तर व्हाइट बॅलन्स परत कुठून आणेल. दोनच उपाय. हॉलवाल्याशी आत्ताच बोल, मुहूर्ताची पंधरा मिनिटं तरी पार पांढऱ्यावर ठेवायला सांग, बहुतेक पारवर तो पर्याय असतो आणि मुलीच्या वडिलांनी शब्द टाकला तर ऐकतात. नाहीच ऐकलं तर दोन फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये, स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर, चेहऱ्यावर जांभळ्यापेक्षा तुझा उजेड जास्त पडला पाहिजे. सॉफ्टबॉक्स माझ्याकडे पडून आहेत, घेऊन जा. आणि येताना तो दारातल्या बाबांचा प्रिंट आण, अजून एक असेल तर.